न पडलेली घागर

देवगाव रंगारीच्या आमच्या जुन्या घरात पितळेची एक मोठी घागर होती. आजीच्या लग्नात तिच्या माहेराहून आलेली. रोजच्या पाण्याला ती कधी लागली नाही. महालक्ष्म्यांचा सण असो, घरातले लग्न असो की बारसे, तेवढ्यापुरती ती बाहेर निघायची आणि काम झाले की पुन्हा गोठ्यावरच्या माळ्यावर जाऊन बसायची. खाली बैल, दोन गायी आणि त्यांच्या डोक्यावर पालथी घातलेली ती घागर, अशी वर्षानुवर्षांची व्यवस्था होती.

१९७२ च्या दुष्काळानंतरची तीन-चार वर्षे गेली असतील. मी चौथीत होतो. त्या वर्षी आषाढापासून पाऊस असा लागला की गोठ्यातली जमीन वाळायचे नाव घेईना. शेणामुताचा उग्र दर्प पार स्वयंपाकघरापर्यंत यायचा, डोळे चुरचुरायचे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसवायच्या आदल्या दिवशी काकूने शिडी लावून घागर खाली काढली, चिंच लावून घासायला घेतली आणि तिचा हात थबकला. घागरीच्या गळ्यापासून पोटापर्यंत एक उभी भेग गेली होती. केसाएवढी बारीक, पण आरपार. पाणी ओतले की त्या रेषेवर थेंबांची माळ उमटायची.

काकूचे लग्न होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते.

"पाडलीस ना?" आजीने विचारले.

"म्या नाही पाडली, आत्याबाई. देवाशप्पथ नाही."

आजी पुढे काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाक्य रुजले. काकूने चहाची कपबशी उचलली तरी आजी म्हणायची, "जपून गं, घागरीवाणी करू नको." पुढे घागर मोडीत गेली, तिच्या जागी स्टीलचा हंडा आला, पण ते वाक्य आजी जाईपर्यंत, म्हणजे चांगली वीस वर्षे घरात नांदले. काकूने नंतर कधी प्रतिवाद केला नाही. ती फक्त गप्प व्हायची.

घरातली ही जुनी गोष्ट आज इथे सांगण्याचे कारण असे, की या खटल्याचा निकाल मला जवळजवळ पंचेचाळीस वर्षांनी लागला. आणि तोही कुठे, तर अमेरिकेतल्या एका गॅरेजमध्ये, रायफलीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या ढिगासमोर!

हिवाळ्यातले घासकाम

काकूचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त ओहायो राज्यात स्थायिक आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी त्याच्याकडे गेलो होतो. बाहेर गुडघाभर बर्फ आणि हा पठ्ठ्या रोज जेवण झाले की गॅरेजमध्ये जाऊन बसायचा. तिथे एक लहानसा पिंप संथपणे गरगरत असे आणि त्यातून खळखळ असा आवाज येई. तांदूळ निवडताना सूप हलवावे तसा. त्याला रायफल नेमबाजीचा छंद आहे आणि तिथल्या कायद्यात बसून तो आपली काडतुसे स्वतः भरतो, हे मला ठाऊक होते. पण त्या दिवसांत तो दारूला किंवा गोळीला हातही लावत नव्हता. उन्हाळ्यात होणाऱ्या स्पर्धांसाठी तो डिसेंबरात बसून नुसत्या पुंगळ्या तयार करीत होता. काकू एकदा त्याच्याकडे राहून आली होती. हा प्रकार बघून ती म्हणाली होती म्हणे, "इतकी भांडी तर म्याही नाही घासली रे जन्मात."

आपल्यापैकी बहुतेकांनी काडतूस सिनेमातच पाहिलेले असते, म्हणून आधी थोडे त्याविषयी. काडतूस हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्याचे भाग चार. पुढे असते ती गोळी. मागे असते ती पितळेची नळकांडी, म्हणजे पुंगळी. पुंगळीत दारू आणि तिच्या बुडाशी एक चिमुकली टोपी. रायफलीतली सुई टोपीवर आदळली की ठिणगी पडते, दारू पेटते आणि गोळी सुटते. गोळी गेली, दारू जळाली, टोपी निकामी झाली. मागे उरते ती एकटी पुंगळी. पोलिसांच्या पंचनाम्यात 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या आढळल्या' असे आपण वाचतो, त्या याच.

ही पुंगळी म्हणजे नुसती डबी नव्हे. सैन्यात वापरल्या जाणाऱ्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीत गोळी सुटताना आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट होतो. मोटारीच्या चाकात हवा भरतो ती दोन-अडीच पट असते, यावरून कल्पना करावी. त्या क्षणी पुंगळी फुगते, रायफलीच्या पोकळीला आतून घट्ट चिकटते आणि तापलेला वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ देत नाही. पुढच्याच क्षणी ती किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर काढता येते. फुगायचे पण फाटायचे नाही आणि आकसायचे पण अडकायचे नाही, अशी ही दुहेरी कसरत. लोखंड, तांबे, शिसे असे अनेक धातू माणसाच्या हाताशी होते. पण हे काम सर्वांत चांगले जमले ते शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळाला.

काडतुसातला सर्वांत महाग भागही बहुधा हाच, म्हणून छंदी नेमबाज तो पुन्हा पुन्हा वापरतात. प्रत्येक काडतुसाला हे लागू नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारातल्या पॉइंट टू-टू काडतुसात वेगळी टोपी नसते, ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो. ती पुंगळी एकदाच कामाची. आणि आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बाळगणे वा बनवणे हा गंभीर गुन्हा आहे, हे सांगायला नकोच. तेव्हा पुढे येते ते कृतीसाठी नव्हे, समजून घेण्यासाठी.

कामाआधीचे काम

"एवढी घाई कशाला? उन्हाळ्याला अजून सहा महिने आहेत," मी त्याला विचारले.

"दादा, घाई नको म्हणूनच आत्ता करतोय," तो म्हणाला.

मग त्याने मला एकेक टप्पा दाखवला. आधी निवडणे. कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालची, किती वेळा वापरलेली, हे बुडावरच्या ठशावरून आणि आपल्या वहीतल्या नोंदीवरून पाहून ढीग वेगळे करायचे. मग निकामी टोपी काढायची. मग धुणे. कुणी दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भुगा किंवा अक्रोडाच्या कवचांचा चुरा घालून पिंपात फिरवतात, कुणी पाण्यात किंचित सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातले सत्त्व घालून धुतात. आपली आई-आजी चिंच लावायची, त्याच जातीचा उपाय. पण आंबट फार वेळ राहू दिले तर पितळातले जस्त वरच्या थरातून निघून जाते आणि धातू लालसर दिसू लागतो. चिंच लावून विसरलेल्या तांब्यावर असे गुलाबी डाग आपण पाहिलेले असतात.

धुतल्यावर वाळवणे. हा टप्पा सर्वांत आळशी आणि सर्वांत महत्त्वाचा. पुंगळीच्या पोटात, टोपीच्या खोबणीत पाण्याचा एक थेंब राहिला तरी पुढे दारू किंवा टोपी दगा देऊ शकते. म्हणून तो पुंगळ्या घरात जुन्या चादरीवर आठवडाभर पसरून ठेवतो. आपल्याकडे कुरडया वाळत घालतात तशा!

त्यानंतर तपासणी. वारंवार वापरलेली पुंगळी बुडापासून जरा वर, आतून पातळ होत जाते. बाहेरून तिथे एक चकचकीत कडे दिसू लागते. आतून, टोक वाकवलेली बारीक तार फिरवली की ती त्या जागी अडकते. अशी पुंगळी पुढच्या बारात दोन तुकडे होऊन रायफलीत अडकू शकते. ती सरळ मोडीत. मग उरलेल्या पुंगळ्या साच्यात घालून मूळ मापावर आणायच्या, कारण बार उडताना त्या फुगलेल्या असतात. असे दाबताना पितळ पुढे सरकते, लांबी वाढते. ७.६२ च्या जोडीच्या पुंगळीची जास्तीत जास्त लांबी ५१.१८ मिलिमीटर. ती ओलांडली तर तोंड पोकळीच्या पुढच्या काठावर दाबले जाते, गोळी सुटायला अडथळा होतो आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो. म्हणून प्रत्येक पुंगळी मोजायची, वाढलेली कापायची, तोंडाची आतली-बाहेरची खरखर काढायची. चारशे पुंगळ्या म्हणजे चारशे वेळा मोजमाप. थकलेल्या डोळ्यांनी, उद्या स्पर्धा आहे म्हणून रात्री बारा वाजता हे काम केले तर एखादी सुटणारच. आणि चूक लक्षात येण्याची जागा म्हणजे स्वतःच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतर.

मला आमच्या गावाचे नाव आठवले. रंगारी. कापड रंगवणाऱ्यांची कला लोकांना रंगाच्या पिंपात दिसते. पण जुन्या पद्धतीत कापड आधी धुऊन त्याची खळ काढायची, हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे, वाळवायचे, तुरटीतून काढायचे, पुन्हा वाळवायचे आणि मग रंग. ते आधीचे केले नाही तर रंग चढतो खरा, पण पहिल्या धुण्यात निघून जातो. कामाच्या आधीचे हे काम कुणाला दिसत नाही. त्याचा हिशेब मात्र नंतर चुकता होतो.

शेवटी त्याने एक गंमत दाखवली. पुंगळीचे फक्त तोंड आणि मान त्याने गॅसच्या ज्योतीत काही क्षण धरली. बुडाला उष्णता पोचू द्यायची नाही, कारण बूड मऊ पडले तर ते दाब सोसणार नाही. मानेवर निळसर-तपकिरी पट्टा उमटला. पितळाला ठोकले, वाकवले, दाबले की ते प्रत्येक वेळी थोडे कडक आणि ठिसूळ होत जाते. योग्य तेवढी ऊब दिली की पुन्हा मऊ होते. वहीत खूण करून त्याने पुंगळी बाजूला ठेवली.

शेजारच्या फळीवर धातू चमकवायच्या पॉलिशची बाटली होती. मी मदत म्हणून ती उचलली. "हे लाव की, लख्ख होतील एकदम."

त्याने माझ्या हातातून बाटली जवळजवळ ओढूनच घेतली. "हे नको दादा! यात अमोनिया आहे. अमोनिया लागला की पितळ आपोआप तडकतं. न आपटता."

न आपटता. मी त्या थंड गॅरेजमध्ये उभा होतो, पण नाकाला मात्र चौथीतल्या त्या पावसाळ्याचा दर्प आला. अमोनिया म्हणजे काय? जनावरांच्या मुतारीतून येतो, डोळे चुरचुरवतो, तोच तो वायू.

तबेल्यातली काडतुसे

मग मी या विषयाचे जे मिळेल ते वाचले आणि लक्षात आले, की ही गोष्ट मुळात अमेरिकेतली नाहीच. ती आपल्याकडची आहे.

१८५७ साली ज्या काडतुसांवरून आग भडकली ती कागदाची होती. त्यानंतर दहा वर्षांच्या आत ब्रिटिश सैन्यात स्नायडर रायफल आली आणि तिच्यासाठी बॉक्सर नावाच्या अधिकाऱ्याने पितळी पत्रा गुंडाळून केलेली पुंगळी आली. पत्र्याची ही पुंगळी नाजूक होती. १८८५ च्या सुदानमधल्या लढाईत अशा पुंगळ्या रायफलीत अडकून पडल्याचा कडू अनुभव आला. तेव्हा पत्रा गुंडाळण्याऐवजी पितळेच्या एका जाड चकतीची वाटी करून तीच ओढत ओढत लांब करायची, अखंड पुंगळी बनवायची, ही रीत पक्की झाली. ताकद वाढली, पण त्याबरोबर एक अदृश्य गोष्टही वाढली. धातू जितका ओढावा-दाबावा तितका ताण त्याच्या पोटात दडून राहतो. बाहेरून भांडे शांत दिसते, आतून ते आवळलेल्या स्प्रिंगसारखे असते.

हिंदुस्थानातल्या छावण्यांत पावसाळ्यात मोहिमा थंडावत. अशा वेळी दारूगोळा साठवून ठेवला जाई आणि पुष्कळदा तो तबेल्यांत किंवा तबेल्यांलगत ठेवलेला असे. आमच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादलाही अशीच छावणी होती आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ होते. घोडदळ म्हणजे घोडे, घोडे म्हणजे तबेले, आणि पावसाळ्यातला तबेला म्हणजे अमोनियाने भरलेली दमट हवा. पावसाळा संपून पेट्या उघडल्या की काडतुसांच्या मानेवर, जिथे पुंगळी गोळीला आवळून धरते तिथे, बारीक उभ्या भेगा दिसत. कुणी आपटलेली नाहीत, कुणी वापरलेली नाहीत, तरी फुटलेली. इंग्रजांनी या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' म्हटले. कुणी म्हणतात पावसाळ्याच्या हंगामात होतो म्हणून हे नाव, कुणी म्हणतात वाळत्या लाकडाला पडतात तशा भेगा म्हणून. आपण हंगामी भेग म्हणू.

या रोगाचे निदान झाले ते १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले की एकटा अमोनिया पितळ फोडत नाही आणि एकटा ताणही फोडत नाही. दोन्ही एकत्र यावे लागतात, आणि सोबतीला ओल. अमोनिया ओलाव्यात विरघळतो आणि तांब्याशी त्याचे चटकन जमते. धातूच्या बारीक कणांमधल्या सांध्यांवर तो हल्ला करतो. आत ताण नसेल तर नुसता वरचा थर खराब होईल. पण आत ताण असेल तर सांधा उसवला की धातू स्वतःच स्वतःला ओढून फाडतो, पुढचा सांधा उघडा पडतो, तिथे पुन्हा अमोनिया. असे करत करत भेग आरपार जाते. जस्ताचे प्रमाण जास्त असलेल्या पितळाला हा धोका अधिक.

त्यावरचा उपाय त्यांनी सांगितला तो फार साधा. तयार झालेली वस्तू अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत काही वेळ तापवायची. एवढ्या उष्णतेने पितळाची ताकद जात नाही, पण पोटातला ताण सैल होतो. मग अमोनिया आला तरी त्याला ओढून फाडणारा साथीदार सापडत नाही.

म्हणजे काडतूस फुटणार की नाही, याचा निर्णय ते तबेल्यात ठेवले त्या दिवशी होत नव्हता. तो कितीतरी आधी, कारखान्यात, शेवटची ऊब दिली की नाही तेव्हाच झालेला असे. तबेल्याने आणि पावसाने तो फक्त जाहीर केला.

वरणगावची भट्टी, तांबटाची भट्टी

आमच्या भागातून कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगाव-जळगावमार्गे भुसावळ ओलांडले की वरणगाव लागते. तिथली आयुध निर्माणी १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६४ साली सुरू झाली. रायफलीच्या गोळ्या हे तिचे मुख्य काम. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा. २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. जगात कुठेही पितळी पुंगळी बनवण्याची रीत साधारण सारखीच. चकती, वाटी, ओढणे, मग भट्टीत तापवून मऊ करणे, आम्लात धुणे, पुन्हा ओढणे, पुन्हा तापवणे. शेवटी बूड ठोकून कडक ठेवायचे आणि मानेला वेगळी ऊब द्यायची. सैन्याच्या कित्येक काडतुसांच्या मानेवर त्या उबेचा निळसर पट्टा तसाच ठेवलेला दिसतो. बाजारात विकायच्या काडतुसांवरून तो पुसतात, कारण गिऱ्हाइकाला तो डाग वाटतो. जाणकाराला मात्र तो डाग म्हणजे खात्रीचा शिक्का.

ही विद्या विलायतेतून आली असे आपण म्हणू, पण तिचा गाभा पुण्याच्या किंवा नाशिकच्या तांबटाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पातेले घडवताना तो सलग ठोकत नाही. काही फेरे ठोकले की भांडे भट्टीत घालतो, लाल करतो, पाण्यात बुडवतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. लोहाराचे लोखंड असे तापवून पाण्यात बुडवले तर कडक होते. तांब्या-पितळाचे उलटे, ते मऊच राहते. हा भेद पुस्तकातून नव्हे, हातोडीच्या आवाजावरून तांबटाचे पोर शिकते. कडक झालेले भांडे वेगळे वाजते.

आता आमच्या घागरीकडे वळू. घागरीचा गळा आवळून घडवलेला असतो, म्हणजे ताण तिथेच अधिक. आमची भेग गळ्यापासूनच सुरू झालेली होती. शेवटचे ठोके मारून झाल्यावर कारागिराने तिला ऊब दिली नसावी. हौसेचे भांडे घट्ट आणि खणखणीत वाजावे म्हणून असे पुष्कळदा होत असे. स्वयंपाकाची भांडी या बाबतीत नशीबवान. त्यांना दर वर्षा-दोन वर्षांनी कल्हई होते. कथिल २३२ अंशांना वितळते, त्यामुळे कल्हईवाल्याच्या भात्यावर भांडे निदान तेवढे तरी तापते आणि त्याचा ताण काही अंशी तरी सैल होतो. पाण्याच्या घागरीला मात्र कल्हई नसते. आमची घागर जन्मभर तो ताण पोटात घेऊन गोठ्यावर पालथी पडून होती. वरून दमट हवा, खालून अमोनिया. इतकी वर्षे टिकली हेच नवल. त्या वर्षी पाऊस थांबला नाही, गोठा वाळला नाही आणि तिची सहनशक्ती संपली. लक्षणे एकूणएक जुळत होती.

ज्यांच्या घरी अजून आजी-पणजीची पितळेची भांडी आहेत, त्यांनी एवढे करावे. ती गोठ्यात, युरियाच्या पोत्यांजवळ किंवा न्हाणीघराशेजारच्या दमट कोपऱ्यात ठेवू नयेत. अमोनिया असलेल्या पॉलिशने चोळून तशीच ठेवून देऊ नयेत. चिंच-लिंबू लावावे, पण लगेच धुवावे आणि पूर्ण कोरडे करूनच माळ्यावर न्यावे. सणाच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी एकदा काढून, उजेडात धरून गळा आणि काठ बघावेत. भेग असेल तर ती सणाच्या आदल्या दिवशी कळू नये. का, ते मी वर सांगितले आहे.

कारण भेग आदल्या दिवशी कळली की माणूस हाताशी असलेल्या माणसाला दोष देतो. त्याच्याजवळ दुसरे काही शोधायला वेळच नसतो. माझ्या भावाने पुंगळ्या सहा महिने आधी काढल्या, म्हणून त्याला प्रत्येक भेगेचे कारण शोधता आले. आजीला पाहुणे यायच्या आत उत्तर हवे होते. समोर सून उभी होती.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना मी देवगावला गेलो. काकू आता सत्तरी ओलांडून गेली आहे. गुडघे दुखतात, पण फुलोऱ्याचे अजून ती स्वतः बघते. दुपारी सारे निजल्यावर मी तिच्याजवळ बसलो आणि सगळे सांगितले. तबेले, काडतुसे, १९२१ साल, अमोनिया, गळ्यातला ताण. तिच्या मुलाच्या हातातून आलेली ती बाटलीही. तिने मधे एकदाही विचारले नाही की हे सारे कशाला सांगतोस. घागरीचे नाव मी काढलेच नव्हते, पण तिला ते पहिल्या वाक्यातच कळले होते.

माझे बोलणे संपल्यावर ती बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिली. तिथे आता मोटारसायकली उभ्या असतात.

मग म्हणाली, "ते समदं खरं, बाळा. पण आता हे आत्याबाईला कोण सांगायचं?"